नेट स्लो आहे? आधी निदान, मग उपचार



"नेट स्लो आहे" हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. युडायस प्लसवर माहिती भरताना म्हणतो, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना म्हणतो, ई-बालभारतीवरून पुस्तकाची पीडीएफ घेताना म्हणतो. मग बहुतेक घरांत एकच तोडगा निघतो, मोठा प्लॅन घ्या. माझं मत स्पष्ट आहे. घरचा कॉम्प्युटर वायरने जोडलेला असूनही नेट हळू चालत असेल, तर मोठा प्लॅन हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

डी.एड.ला आपण निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन शिकलो. मुलाचा भागाकार चुकला तर आपण काय करतो? त्याला पाढा येत नाही, की तो वजाबाकीत चुकतो, की भागाकारात शून्य लिहायचं राहतं, हे बघतो. "याचं गणितच कच्चं" म्हणून सरसकट शंभर उदाहरणं घातली तर मुलाचा वेळ जातो आणि चूक तशीच राहते. न तपासता प्लॅन वाढवणं अगदी तसंच आहे. फरक इतकाच की इथे दर महिन्याला पैसेही जातात.

नेट आपल्यापर्यंत येतं ते टप्प्याटप्प्याने. आधी ती वेबसाइट, मग बाहेरची लाइन, मग घरातला राउटर, मग लॅनची वायर आणि शेवटी आपला कॉम्प्युटर. यातला एक टप्पा अडला तरी आपल्याला सगळंच हळू वाटतं. म्हणून "नेट स्लो" म्हणण्याऐवजी "कुठे स्लो?" हा प्रश्न विचारायचा.

१. एकच साइट अडते की सगळ्या? फॉर्मच्या शेवटच्या तारखेला सरकारी पोर्टल हळू चालतं, तेव्हा दुसऱ्या दोन-तीन साइट उघडून बघा. त्या पटापट उघडल्या तर दोष आपल्या घरात नाही. अशा वेळी राउटर बंद-चालू करून काही होणार नाही. सकाळी लवकर प्रयत्न करणं बरं.

२. कॉम्प्युटरच दमलाय का? कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असलेली एखादी फाइल उघडायलाही वेळ लागत असेल, तर बिचाऱ्या नेटचा काय दोष? विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. कोणता प्रोग्राम नेट खातोय ते तिथे दिसतं. बऱ्याचदा मागे गुपचूप अपडेट किंवा फोटोंचा बॅकअप चालू असतो.

३. एकक नीट वाचा. हे तर आपल्या वर्गातलंच गणित आहे. प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे १०० मेगाबिटच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट या वेगाने उतरणार. "शंभरचे पैसे घेतात आणि बाराच देतात" ही तक्रार खूप ठिकाणी ऐकू येते. ती फसवणूक नसते, एककाची गल्लत असते.

४. वायर तपासा. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित टप्पा हाच. वायर आहे म्हणजे वेग आहेच, असं आपण धरून चालतो. आपल्या पुण्यात वाड्यात काय किंवा सोसायटीत काय, ही वायर दाराच्या फटीतून, पलंगाखालून, खिडकीच्या चौकटीतून गेलेली असते. दार लागताना ती चेंगरते, जॅकची क्लिप तुटते. या वायरच्या आत आठ बारीक तारा असतात. १०० मेगाबिटसाठी त्यातल्या चारच पुरतात, पण १००० साठी आठही धड लागतात. बाकीच्या चारपैकी एखादी तार तुटली तर बहुतेक वेळा नेट बंद पडत नाही, मुकाट्याने १०० वर येतं. म्हणून प्लॅन २०० चा असूनही स्पीड टेस्टचा आकडा रोज ९४-९५ ला येऊन थांबत असेल, तर पहिला संशय वायरवर घ्या. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली इथरनेट उघडलं की लिंक स्पीड दिसतो. तिथे १००० ऐवजी १०० दिसलं तर आधी दुसरी वायर लावून बघा. वायरवर 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' छापलेलं असावं. वायर बदलूनही १०० च राहिलं, तर राउटरचं किंवा कॉम्प्युटरचं पोर्टच तेवढ्या क्षमतेचं असू शकतं. अशा वेळी ५०० चा प्लॅन घेऊनही या कॉम्प्युटरवर काहीच फरक पडणार नाही.

५. शेवटी बाहेरची लाइन. वायर थेट राउटरला लावा, घरातले बाकीचे मोबाइल वायफायवरून काढा आणि स्पीड टेस्ट करा. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री नऊ अशी तीन दिवस नोंद ठेवा. सकाळी चांगला आणि रात्रीच कमी वेग येत असेल, तर बाहेरच्या लाइनवर गर्दी होत असणार. फायबरच्या डब्यावर 'एल.ओ.एस.' हा लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरच कुठेतरी तुटलाय किंवा वाकलाय. मग हा तक्ता हातात घेऊन तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जरूर मागा. दाद मिळाली नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. नुसतं "स्लो आहे हो" म्हटलं की "राउटर रिस्टार्ट करा" एवढंच उत्तर मिळतं. तीन दिवसांचे आकडे समोर ठेवले की बोलणं बदलतं.

एक पथ्य मात्र पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. वायर, राउटर आणि प्लॅन एकदम बदलले तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

पालकांना माझं सांगणं आहे की हे काम मुलांना सोबत घेऊन करा. चौथी-पाचवीचं मूल तक्ता आखू शकतं, आकडे लिहू शकतं, आलेख काढू शकतं. अंदाज बांधणं, तपासणं, नोंदवणं हे आपण परिसर अभ्यासात शिकवतो. इथे ते घरच्या खऱ्या अडचणीवर वापरायला मिळतं. शिवाय यूट्यूबवरचा एखादा धडा चांगला दिसायला ५ मेगाबिटच्या आसपास वेग पुरतो, हेही मुलांना कळू द्या. दोनशेचा प्लॅन नसेल तर अभ्यास अडतो, हा समज त्यांच्या मनात बसायला नको.

आणि शिक्षकांनो, आपल्यासाठीही यात काही आहे. "सर, नेट चालत नव्हतं" असं मूल म्हणालं की बहाणा समजून आपण पुढे जातो. त्याऐवजी "कुठे अडलं? साइट उघडली नाही, की व्हिडिओ थांबत होता?" एवढं विचारूया. बहाणा असेल तर तो तिथेच उघड होईल. खरी अडचण असेल तर ती सोडवता येईल आणि आपले सर आपलं ऐकतात, हेही त्या मुलाला कळेल.