आटलेल्या तेलविहिरीतील उष्णता कोणाच्या कामाची?

तेलाची विहीर आटली म्हणजे ती कोरडी पडली, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. विहीर जुनी होते तसे तेल कमी आणि पाणी जास्त येऊ लागते. शेवटी खर्च परवडेनासा झाला की कंपनी विहिरीत सिमेंट भरून निघून जाते. पण हे पाणी दोन-तीन किलोमीटर खालून येते, आणि जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढते. म्हणजे पाण्याबरोबर उष्णताही फुकट जाते. तिच्यावर वीज करता येईल काय?

येते, आणि करून दाखविली गेली आहे. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात टीपॉट डोम नावाचे तेलक्षेत्र आहे. (१९२० च्या दशकात याच क्षेत्राच्या नावाने गाजलेल्या लाचप्रकरणात एका माजी मंत्र्याला पुढे तुरुंगाची हवा खावी लागली होती!) तेथे २००८ साली २५० किलोवॅटचे यंत्र बसविण्यात आले. पाणी उकळत्याहून थंडच होते. म्हणून त्याने आयसोपेंटेनसारखा, २८ अंशांनाच उकळणारा द्रव तापवायचा, त्याच्या वाफेवर चक्र फिरवायचे आणि वाफ थंड करून पुन्हा तोच द्रव वापरायचा, अशी ही रीत आहे. धूर नाही, राख नाही. चीनच्या हुआबेई तेलक्षेत्रातही पुढे ४०० किलोवॅटचा प्रयोग झाला.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. एका यंत्रमागाला एक अश्वशक्तीची मोटार धरली, तर २५० किलोवॅटवर तीनशेच्या आसपास माग चालतील, आणि पंपांना लागणारी वीज वजा केली तर त्याहूनही कमी. भिवंडी-मालेगावच्या हिशेबात हे किती, ते वाचकांनी स्वतःच पाहावे. ९० अंशांच्या पाण्यातील शंभर भाग उष्णतेतून जेमतेम आठ-दहा भाग वीज हाती येते. त्यातही वायोमिंगची थंडी वाफ गार करायला मदत करते. आपल्याकडच्या मे महिन्यात उत्पादन आणखी घसरणार. खोदाईचा खर्च वाचतो हे खरे, आणि अशा प्रकल्पात मोठा खर्च तोच असतो. पण जुन्या विहिरीचा नळ अरुंद आणि गंजलेला असतो. तेव्हा 'फुकट वीज' म्हणून कोणी भागभांडवल गोळा करीत आला, तर आधी पाण्याचे तापमान आणि रोजचा प्रवाह विचारा.

मग ही गोष्ट निरुपयोगी आहे काय? आमच्या मते नाही. चूक आहे ती विजेच्या मागे धावण्यात. रंगाईचे हौद, धुलाई, कातडे वाळविणे, मिरची किंवा मासळी सुकविणे, यांपैकी बहुतेक कामांना ९० अंशांच्या आतलीच उष्णता पुरते. त्यासाठी आपला कारागीर आज लाकूड, कोळसा आणि गॅस जाळतो. पाणी खारट असल्याने थेट हौदात घेता येणार नाही. नळ्यांच्या आवरणातून उष्णता तेवढी काढून पाणी परत जमिनीत सोडावे लागेल. उष्णता दूर नेता येत नाही, म्हणून कारखाना विहिरीजवळच हवा. मुंबई हायच्या विहिरी भर समुद्रात, त्या आपल्या उपयोगाच्या नाहीत. पण गुजरातेत खंबायतच्या खोऱ्यात तापमान सरासरीहून झपाट्याने वाढते. अंकलेश्वरचे तेलक्षेत्र १९६० सालचे, आणि तेथील रंग-रसायनांची वसाहत अगदी शेजारी.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात सोडून दिलेल्या तेलविहिरींच्या पुनर्वापराचाही विचार आहे. आमची मागणी एवढीच की, कोणत्याही विहिरीत सिमेंट भरण्यापूर्वी तिचे तापमान आणि प्रवाह जाहीर करण्याची सक्ती असावी, आणि ती उष्णता मोठ्या कंपनीआधी जवळच्या लहान कारखानदारांच्या सहकारी संस्थेला देऊ केली जावी. आकडे हाती आले तर अंकलेश्वरचा एखादा रंगारीही आपल्या बॉयलरच्या बिलाशी ते ताडून पाहू शकेल.