कान दाबून बसलेले मूल

खानदेशातल्या पारोळ्यात बालाजीचा रथ निघतो, ढोल घुमतात आणि गर्दीत एखादे मूल दोन्ही कान दाबून रस्त्यातच बसकण मारते. आई ओशाळते, बघणारे ‘लाडावलंय’ म्हणून मोकळे होतात. मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) असेल, तर हा शेरा अन्यायाचा आहे.

पंख्याची घरघर किंवा सदऱ्याचा स्पर्श आपला मेंदू थोड्याच वेळात बाजूला टाकतो. अनेक स्वमग्न मुलांत हे सहजी घडत नाही. कॉलरचे लेबल दिवसभर टोचते, मऊ खिचडीत कडक दाणा लागला की घास बाहेर येतो. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली वर्णिलेल्या स्वमग्न मुलांपैकी काहींना मोठ्या आवाजांची धास्तीच होती. तरी अमेरिकी निदाननिकषांत संवेदनांमधला हा फरक ठळकपणे यायला २०१३ साल उजाडले.

याच्या उलटही असते, कधी त्याच मुलात. चटका बसला तरी हात मागे जात नाही, तहान जाणवत नाही. मे महिन्यात खानदेशचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा हे जिवावर बेतू शकते. आरडाओरडा करणाऱ्या मुलाकडे निदान लक्ष तरी जाते. आमच्या मते जास्त काळजी या गप्प मुलांची करायला हवी. तासातासाला पाणी समोर धरावे, मागण्याची वाट पाहू नये.

संवेदनांसाठी झोके, ब्रश, वजनदार जाकिटे वापरून केल्या जाणाऱ्या महागड्या उपचारांबाबत मात्र सावध राहावे. त्यांचा पुरावा मर्यादित असल्याचे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच नोंदवले आहे. मजुरी बुडवून अशा उपचारांसाठी धुळ्याला खेपा घालण्याआधी, काही महिन्यांत नेमका कोणता बदल दिसायला हवा, हे पालकांनी विचारून घ्यावे. लेबल कापणे, वर्गात खिडकीपासून दूरची जागा देणे, घंटेआधी मुलाला सांगून ठेवणे, याला पैसे पडत नाहीत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीसाठी अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येते. मूल कान दाबते, घास थुंकते, हे त्यांना जरूर सांगावे. पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्याची सोय त्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला दिव्यांगत्वात गणले आहे, तेव्हा वर्गात खिडकीपासून दूरची जागा मागणे ही मेहेरबानी नव्हे.

आणि उत्सव मंडळांना एक विनंती. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीच घातलेली आहे. यंदा डीजे ठरवताना ती पाळा.