फाशीची चर्चा आणि फिर्यादीचे घर

निर्घृण खुनाची बातमी आली की चौकाचौकांत एकच मागणी उठते, 'फाशी द्या!' लगेच दुसरी बाजू विचारते, जीव घेण्याचा अधिकार सरकारला आहे काय? हा वाद जुना आहे. 1980 साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी फाशी घटनाबाह्य नसल्याचे ठरविले. मात्र ती दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणातच द्यावी, असे बजावले. पण या वादात दोन्ही बाजूंची नजर आरोपीवरच असते. ज्या घरातले माणूस गेले, त्या घराकडे कोण पाहतो?

कोल्हापूरचे बालहत्याकांडच घ्या. मुले पळवायची, चोरीसाठी वापरायची आणि मग ठार मारायची, असा तो गुन्हा. गावित भगिनींना 1996 मध्ये अटक झाली. 2001 मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेच्या अर्जांचा निकाल लागायला 2014 उजाडले आणि याच विलंबामुळे जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. तब्बल पंचवीस वर्षे! फाशी असावी म्हणणारे असोत वा नसावी म्हणणारे, त्या मुलांच्या आईबापांच्या या पंचवीस वर्षांचा हिशेब कोणी मांडला?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपल्याकडे म्हणतात. पण ज्याच्या घरावर घाला पडला, त्याला ती चढावीच लागते. मजुरी बुडवून जायचे आणि पुढची तारीख घेऊन परतायचे. माझ्या घरात सरकारी कागद वाचता येणारी पहिली व्यक्ती मीच. कागद न कळण्याची धास्ती मी पाहिली आहे.

वास्तविक कायद्याने काही हक्क दिले आहेत. 2009 च्या अखेरीपासून आरोपी निर्दोष सुटल्यास पीडिताला किंवा त्याच्या वारसाला स्वतः अपील करता येते. राज्यांना नुकसानभरपाईची योजना करावी लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेनुसार तपासाची प्रगती पोलिसांनी नव्वद दिवसांत कळवायची आहे. शिक्षा वाढवून मागण्याचे अपील मात्र सरकारकडेच राहिले. मला हे योग्य वाटते. शिक्षा देणे हे समाजाचे काम. सूड हा कोणाचाच हक्क नव्हे. माहिती, भरपाई आणि वेळेवर निकाल, हे मात्र पीडिताचे खरे हक्क आहेत.

मित्रहो, फाशीची घोषणा देऊन घरी परतणे सोपे आहे. भरपाईचा अर्ज लिहून देणे, तारखेला सोबत जाणे, हे कष्टाचे काम आहे. चार बुके शिकलेल्या आपण ते नाही करायचे, तर कोणी करायचे?