तान्ह्या बाळावर पीएच.डी.? हवीच!

डिसेंबर 2023. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्य सरकारच्या ‘सारथी’ संस्थेच्या संशोधन फेलोशिपचा विषय विधान परिषदेत निघाला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारले, पीएच.डी. करून काय दिवे लावणार? संशोधक विद्यार्थ्यांना ते फार लागले. पण हा प्रश्न एकट्या पवारांचा नव्हता. गावच्या पारावर आणि लग्नाच्या बैठकीत तो सर्रास विचारला जातो. विषय तान्ह्या बाळाच्या मेंदूचा असेल, तर विचारणाऱ्याला आणखी जोर चढतो. बाळ कसे वाढते हे घरच्या आजीला ठाऊक असताना सरकारने महिन्याला 37 हजार रुपये कशाला मोजायचे? यूजीसीच्या कनिष्ठ फेलोशिपचा 2023 पासूनचा हा दर आहे.

या आक्षेपात निम्मे खरे आहे. रडणे भुकेचे की पोटदुखीचे, हे आजी दाराआडून सांगते. मात्र तिच्या डोळ्यांसमोर आपली दहा-बारा नातवंडेच असतात. गरोदरपणी सुनेच्या रक्तात काय कमी होते आणि त्याचा नातवाच्या अभ्यासाशी काय संबंध, हे तिने कितीही जीव लावला तरी तिला दिसणार नाही. पुण्यात ते दिसले. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांपासून अभ्यास सुरू केला आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. ज्यांच्या आईला गरोदरपणी ब-12 जीवनसत्त्व फार कमी पडले होते, ती मुले नवव्या वर्षी लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे उलट क्रमाने म्हणण्याच्या चाचण्यांत मागे राहिली. बाकीच्या चाचण्यांत तसा फरक नव्हता, हेही त्याच अभ्यासाने 2008 मध्ये नोंदवले. हे कळायला वर्षानुवर्षे गावोगाव फिरणारी, पगारी माणसे लागली.

दुसरा आक्षेप शिकल्यासवरल्यांचा: हे सगळे परदेशात होऊन गेले आहे, पुन्हा कशाला? तर झालेले नाही. बालविकासाच्या नामवंत नियतकालिकांतले 2006 ते 2010 या काळातले अभ्यास 2017 मध्ये तपासले गेले. त्यांत आशिया, आफ्रिका, मध्यपूर्व, मध्य व दक्षिण अमेरिका मिळून तीन टक्केही सहभागी नव्हते. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांच्या वाढीची मानके मांडली, त्याचे मोल इथे कळते. आपले बाळ कितव्या महिन्यात काय करते, हे आपल्याच बाळांकडे बघून ठरवावे लागते.

बुलढाणा जिल्ह्यातले हिवरा आश्रम घ्या. शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे मेहकर तालुक्यातल्या या गावात शाळा आल्या, कृषी महाविद्यालय आले. भोवती सोयाबीनचे शिवार. सोंगणीच्या दिवसांत आई पाती धरते आणि बांधावरच्या निंबाला लुगड्याची झोळी बांधलेली असते. झोका देते सात-आठ वर्षांची बहीण. बाळ कुरकुरले की ती वाकून तोंडाने चुटचुट करते, बाळ तिचे ओठ निरखते. आई येते ती पाजण्यापुरती. प्रयोगशाळेतल्या कित्येक प्रयोगांत एक आई, एक बाळ, समोरासमोर. इथे बाळ नजर ओळखायला शिकते ते कोणाच्या चेहऱ्यावरून? बहिणीच्या, आजीच्या, की शेजारच्या काकूच्या? त्याचा बोलण्यावर काय परिणाम होतो? पीएच.डी.साठी याहून खणखणीत प्रश्न शोधावा लागणार नाही.

मेंदूचे काम टिपणारी यंत्रे गावात कशी नेणार, असे कोणी म्हणेल. उत्तर प्रदेशातल्या शिवगढमध्ये नेली की! बाळ आईच्या मांडीवर, डोक्याला मऊ टोपी, टोपीत बारीक दिवे. तो प्रकाश पातळ कवटीतून आत जातो आणि मेंदूचा कोणता भाग कामाला लागला, हे रक्तातल्या प्राणवायूवरून समजते. सुई नाही, भूल नाही. 2019 मध्ये तिथल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

अंगणवाडी आहेच, हा आणखी एक युक्तिवाद. आहे, 1975 पासून. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 2024 मध्ये केंद्राने ‘नवचेतना’ आराखडाही आणला, 140 कृतींचा. पण आई दिवसभर रानात असलेल्या घरात त्यातल्या कोणत्या कृती होतात आणि त्या कोण करते, हे सेविकेने आहार वाटून, वजने घेऊन, रजिस्टरे भरून कधी तपासायचे? ते काम संशोधकाचे आहे.

उचलेगिरीचे प्रबंध होतात, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय मार्गदर्शक आणि परीक्षक कडक करण्याचा आहे. फेलोशिप तोडून उचलेगिरी थांबत नाही. उलट या विषयात पैसे रखडले की नुकसान भरून येत नाही. सहाव्या महिन्यात बघायचे बाळ आठ महिन्यांनी हप्ता येईतो चालायला लागलेले असते. म्हणून अमरावती विद्यापीठाने आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या मानव विकास विभागाने मेहकरसारख्या तालुक्यांत बाळांचे अभ्यास घ्यावेत, वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलींना त्यात घ्यावे, ‘सारथी’, ‘बार्टी’, ‘महाज्योती’ या फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्थांनी त्यांची फेलोशिप महिन्याच्या महिन्याला खात्यात टाकावी, आणि जे निघेल ते आधी त्या बाळांच्या आयांना, त्यांच्या अंगणवाडीत बसून सांगावे.