डावा, उजवा आणि यादृच्छिकतेचा दृष्टान्त

चिन्हाची यादृच्छिकता शिकवताना वाहतुकीचे नियम हाताशी फार सोयीचे पडतात. त्यांत सायकलीच्या ब्रेकचा दृष्टान्त विशेष देखणा. ब्रिटनमध्ये उजव्या हाताच्या लिव्हरने पुढच्या चाकाचा ब्रेक लागतो, अमेरिकेत डाव्या. दोन्हीकडची माणसे सुखाने सायकली चालवतात. सबब संकेत कोणताही चालतो, एकमत झाले की पुरे. हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. ब्रिटनचे २०१० चे सुरक्षा-नियम नव्या सायकलीवर उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकला जोडण्यास सांगतात. आपल्याकडच्या जुन्या काळ्या रॉडब्रेकच्या सायकली याच घराण्यातल्या. अमेरिकेचा संघीय नियम नेमका उलटा: पुढचा ब्रेक डावीकडे, मागचा उजवीकडे. या फरकाचे कारण विचारले की एक ठरलेले उत्तर मिळते. ब्रिटनमध्ये वाहने डावीकडून चालतात. समोरची वाहतूक ओलांडून उजवीकडे वळताना उजवा हात इशाऱ्यासाठी बाहेर काढावा लागतो. अशा वेळी हँडलवर राहिलेल्या डाव्या हाताकडे मागचा, कमी धोक्याचा ब्रेक असावा. अमेरिकेत वाहने उजवीकडून, म्हणून सारे उलट. उत्तर इतके सुबक आहे की शंका घेणे असभ्यपणाचे वाटावे. पण इटलीतही वाहने उजवीकडूनच चालतात, आणि तिथल्या रेसिंग सायकलींवर पुढचा ब्रेक उजव्या हाताला देण्याची प्रथा जुनी आहे. मोटारसायकलीचा पुढचा ब्रेक तर देश कोणताही असो, उजव्याच हाताला असतो, कारण डावा हात क्लचमध्ये गुंतलेला. रूढी आधी रुजते आणि तिची मीमांसा मागाहून येते, हे साहित्याच्या अभ्यासकांना नव्याने सांगायला नको. ओवीच्या साडेतीन चरणांची संगती ॐकाराच्या साडेतीन मात्रांशी लावणारी व्याख्याने आम्हीही भक्तिभावाने ऐकली आहेत. असो.

आमचा खरा आक्षेप पुढे आहे. डावे-उजवे यादृच्छिक असेलही, पुढचे-मागचे नाही. ब्रेक लावताच भार पुढच्या चाकावर सरकतो, मागचे चाक हलके होते आणि त्याची रस्त्यावरची पकड सुटू लागते. कोरड्या, पक्क्या रस्त्यावर सायकल थांबवण्याचे बहुतेक काम एकटा पुढचा ब्रेक करू शकतो. एकट्या मागच्याला त्याच्या निम्म्याच्या आसपासच जमते. पण तोच पुढचा ब्रेक बेसावधपणे करकचून दाबला तर मागचे चाक उचलले जाऊन स्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. सायकलीविषयी अफाट लिहून ठेवणारे शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) अमेरिकन असूनही स्वतःच्या सायकलींवर पुढचा ब्रेक उजवीकडे पसंत करीत. अधिक कुशल हाताकडे अधिक प्रभावी ब्रेक असावा, हा त्यांचा विचार. अर्थात, कोणत्या हातावर किती विश्वास टाकायचा हा इथला प्रश्न आहे, आणि त्याला 'कोणताही चालतो' हे उत्तर नव्हे. खुद्द सोस्यूरने (१९१६ साली, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत) प्रतीकाला संपूर्ण यादृच्छिक मानलेले नाही. न्यायाच्या तराजूच्या जागी रथ ठेवून चालणार नाही, असे तो सांगतो. ब्रेक त्या तराजूच्या पंगतीला बसतो.

आंतरराष्ट्रीय प्रमाणकाचे पाहा. आयएसओ ४२१० म्हणते की, ज्या देशात सायकल विकायची तिथला कायदा किंवा रूढी पाहून लिव्हर बसवावेत. वरकरणी केवढे हे औदार्य! प्रत्येकाचे आपापले. परंतु प्रमाणकाला इथे फक्त विक्रीला निघालेली सायकल दिसते. सीमा ओलांडणारा स्वार दिसत नाही. पुण्यात वाढलेला विद्यार्थी अमेरिकेतल्या विद्यापीठात जातो तेव्हा त्याचा उजवा हात सोबत जातो. बसखाली जाण्याचा प्रसंग आला की तो हात नियमावली आठवत बसत नाही. तो लहानपणापासूनचा लिव्हर दाबतो आणि मागचे चाक घसरते. किंवा सवयीने निरुपद्रवी समजलेला डावा लिव्हर आवळतो आणि पुढचे चाक जागच्या जागी थांबते. परक्या भाषेत शब्द चुकला तर पुढच्या वाक्यात सावरून घेता येते. इथे पुढचे वाक्य नसते. सांस्कृतिक सापेक्षतेचे गोडवे गाणाऱ्या आमच्या मित्रांनी निदान या ठिकाणी तरी थोडे थांबावे.

जगभर एकच रचना लादा, असे आम्ही म्हणत नाही. कोट्यवधी हात एका रात्रीत फिरवणे ही उलट नवी आपत्ती होईल. पण भाड्याने मिळणाऱ्या सायकलींच्या लिव्हरवर कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा याची ठसठशीत खूण असण्यात कोणाचे काय बिघडते? आणि जे विद्यार्थी परदेशी निघाले आहेत त्यांच्यासाठी त्या अमेरिकी नियमातली एक सवलत: ग्राहकाने वेगळे सांगितले नसेल तरच डावा पुढचा, उजवा मागचा. सायकल घेतानाच दुकानदाराला सांगावे. साध्या केबलचे ब्रेक असतील तर अदलाबदल किरकोळ कामाची आहे.