चाकांवरचं घर
राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा मला आमचा टेम्पो आठवला: मागे स्टोव्ह, पाण्याचा ड्रम, गोधड्या. जळगावहून गावी, राजूरला निघायचो. फर्दापूर सुटलं की अजिंठ्याचा घाट. श्रावणात तो असा हिरवागार, की वळणावर थांबून चहा उकळल्याशिवाय पुढे जाववत नसे. वर पठारावर कपाशी, मका. सिल्लोड, भोकरदन झपाट्याने मागे पडत आणि टेकडीवरचं राजुरेश्वराचं शिखर दिसलं की आई हात जोडायची. चाकांवरचं घर मराठवाड्याला नवं नाहीच. उसाच्या फडावरून कितीतरी कुटुंबं होळीच्या आगेमागे ट्रॉलीत चूल, भांडी, लेकरं घेऊन घाट चढून परततात. कॅराव्हॅनसाठी पाण्याची, शौचालयांची सोय असलेले तळ होतील, तेव्हा एका रात्रीचा मुक्काम त्यांनाही हक्काने मिळावा.