मुलाची प्लेलिस्ट

पुण्याहून नाशिकला निघालेली गाडी. आत चार माणसे, चौघेही पन्नाशी उलटलेले. चाकणच्या कोंडीत गाडी अडकली, चालवणाऱ्या गृहस्थांचा फोन ब्लूटूथला आपसूक जोडला गेला आणि कुमार सानू भर आवाजात गाऊ लागला. गृहस्थांचा हात ज्या चपळाईने बटणाकडे गेला, तितक्या चपळाईने त्यांचा पाय ब्रेककडेही कधी गेला नसेल. मागे बसलेले त्यांचे मित्र म्हणजे दर हिवाळ्यात मफलर गुंडाळून मैफिलीत पहिल्या रांगेत बसणारे. “मुलाची प्लेलिस्ट आहे,” गृहस्थ म्हणाले. मुलगा बंगळुरूला असतो आणि त्याचा फोन त्याच्याकडेच असतो. मित्र काही बोलले नाहीत; नुसते हसले. ते हसू राजगुरुनगरपर्यंत पुरले.

हा प्रसंग आठवावा असा एक लेख यंदाच्या एका दिवाळी अंकात आला आहे. लेखकाचे नाव घेण्याची गरज नाही. अशी माणसे तालुक्याला एक तरी असतात, आणि एकाचे नाव घेतले तर बाकीच्यांना वाटते की आपण सुटलो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ऐकणे ही साधना आहे. ज्याला राग ओळखता येत नाही त्याने गाणे आवडले म्हणू नये, फार तर ‘बरे वाटले’ म्हणावे. सुगम संगीत म्हणजे कानाचा आळस. लाखोंना जे आवडते त्यात काहीतरी खोट असणारच. पूर्वी गाणे शुद्ध होते. मग नाटक, सिनेमा आणि रेडिओ घुसले आणि भेसळ झाली. शेवटी आजच्या पिढीच्या कानांची कीव करून लेख संपतो. सोबत दोन छायाचित्रे आहेत. दोन्हींत लेखक कुणा ना कुणा बुवांच्या शेजारी बसून तानपुऱ्याकडे पाहत आहेत.

फुटकळ मुद्दे आधी निकालात काढलेले बरे. पिढी बिघडल्याची तक्रार प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीबद्दल केली आहे. तिला उत्तर द्यायचे नसते, तक्रार करणाऱ्याला चहा द्यायचा असतो. लाखोंना आवडते म्हणून खोटे, हा न्याय लावला तर ‘गीतरामायण’ही खोटे ठरेल. १९५५च्या रामनवमीला ते पुणे केंद्रावरून सुरू झाले, वर्षभरात माडगूळकर-फडके जोडीने ५६ गीते दिली आणि घरोघरी माणसे रेडिओसमोर जमू लागली. त्यातल्या किती जणांना रागाचे नाव विचारून आत सोडले होते?

राग ओळखण्याबद्दल एक निरीक्षण मात्र नोंदवायला हवे. मैफिलीत गायकाने नुसता षड्ज लावला की सभागृहात एक प्रकारची परीक्षा सुरू होते. पहिल्या रांगेत कुजबूज होते, माना जवळ येतात, दुसऱ्या रांगेला कळावे इतक्या हलक्या आवाजात एखादे नाव उच्चारले जाते. मग गायक स्वतःच सांगतो, “खोकर सादर करतो.” आणि सगळे सभागृह असे मान डोलावते की जणू प्रत्येकाच्या घरी रोज सकाळी खोकरच लावतात. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभा असलेला बिचारा नवखा श्रोता मनात म्हणतो, एकट्या मलाच काही कळत नाही. तो ज्यांना घाबरतो त्यांतले निम्मे त्याच्यासारखेच असतात. त्यांनी मान डोलवायला जरा आधी सुरुवात केलेली असते, इतकेच.

आता भेसळीचा मुद्दा. दिवाळी अंकातल्या विद्वानांची सगळी इमारत याच खांबावर उभी आहे, म्हणून या खांबापाशी थोडे जास्त थांबावे लागेल.

त्यांना प्रिय असलेली नाट्यपदेच घ्यावीत. बालगंधर्वांच्या नुसत्या उल्लेखाने त्यांचे डोळे पाणावतात, हे त्यांनीच लिहिले आहे. १९११ साली ‘संगीत मानापमान’ रंगभूमीवर आले तेव्हा त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या. टेंबे पेटीवादक. त्या चालींमागे पूरबकडची ठुमरी, दादरा, कजरी, म्हणजे कोठ्यांवर आणि बैठकींत गाइले जाणारे गाणे होते. खाडिलकरांच्या वीररसाच्या नाटकाला बनारसकडची लचक! शुद्धतेच्या रखवालदाराने त्या रात्री पडदाच पाडायला हवा होता. पाच वर्षांनी ‘स्वयंवर’ आले. त्याचे संगीत भास्करबुवा बखल्यांचे, आणि बखलेबुवांनी तालीम घेतलेली ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांच्या उस्तादांकडे. त्याहून मागे जावे, तर किर्लोस्करांच्या १८८०च्या ‘शाकुंतला’त साकी, दिंडी, कीर्तनातल्या आणि कर्नाटकी चाली एका पंक्तीत जेवायला बसलेल्या दिसतात. आज ज्याला परंपरा म्हणतात ती या भेसळीतून निघाली आहे. विद्वानांनी भेसळीची मलई खाल्ली आणि आता ते दुधाच्या शुद्धतेवर प्रवचन देत आहेत.

पेटीचेही तेच. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये घडलेले वाद्य, भारतात येऊन त्याला हाताचा भाता मिळाला आणि ते मांडीशेजारी बसले. त्यावर बारा स्वर पक्के बांधलेले. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होता. त्याच बरोबर आक्षेपाच्या जोरावर १९४० साली सरकारी रेडिओने पेटीला घराबाहेर काढले आणि तीनेक दशके दाराबाहेर उभे ठेवले. त्या काळातही देवळात, नाटकात, तमाशात आणि खुद्द ख्यालाच्या मैफिलीत पेटी वाजतच राहिली. आज दिवाळी अंकातल्या छायाचित्रात बुवांच्या डाव्या हाताला जे वाद्य दिसते, ते तेच आहे.

रेडिओचा विषय निघालाच आहे, तर जुन्या वादाची एक उजळणी. १९५२ साली एक मराठी, संगीताचे चांगले जाणकार गृहस्थ केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची खालावते असे त्यांचे ठाम मत. त्यांच्या कारकिर्दीत शास्त्रीय गायकांना रेडिओवर हक्काची जागा मिळाली, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण त्याच हाताने चित्रपटगीतांना कात्री लागली, मग निर्मात्यांशी वाद विकोपाला गेला आणि ती गाणी सरकारी रेडिओवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केले? ते संध्याकाळी मुकाट्याने धमार ऐकत बसले का? त्यांनी काटा फिरवला आणि खरखरणाऱ्या शॉर्टवेव्हवर सिलोन लावले. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची रात्र देशभर तिची झाली. शेवटी १९५७ साली सरकारला विविध भारती काढावी लागली. अभिरुची सुधारण्याच्या त्या पाच वर्षांत एक गोष्ट मात्र नक्की घडली. आवडते गाणे आवाज बारीक करून ऐकायचे असते, शेजारच्या मास्तरांना कळू द्यायचे नसते, हा धडा अनेक घरांनी गिरवला. गाडीतल्या गृहस्थांचा हात बटणाकडे गेला तो याच शाळेतला.

आणि ज्या सिनेमाने भेसळ केली, त्या सिनेमात गेले कोण? ‘बसंत बहार’साठी १९५६ साली भीमसेन जोशी गेले. ‘मुगल-ए-आझम’साठी बडे गुलाम अली खाँ गेले. किशोरी आमोणकरांनी १९६४ साली ‘गीत गाया पत्थरों ने’साठी गाइले आणि पुढे मराठी भावगीतेही गाइली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी गाजवलेली झिंझोटीतली ठुमरी सैगलने १९३५च्या ‘देवदास’मध्ये आपल्या ढंगाने म्हटली. कुमार गंधर्वांनी कबीर गाइला, माळव्याची लोकगीते गाइली, आणि ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असा कार्यक्रमही केला. यातल्या कुणालाही कुंपण ओलांडल्यावर पाय धुवावे लागले नाहीत. कुंपणे गाणाऱ्यांनी कमी घातली, शेजारी बसून छायाचित्र काढून घेणाऱ्यांनी जास्त.

‘बसंत बहार’च्या त्या ध्वनिमुद्रणाची हकीकत या विषयात फार कामाची आहे. मन्ना डे यांना भीमसेनजींच्या जोडीने गायचे होते आणि कथेप्रमाणे जुगलबंदी जिंकायची होती. रीतसर तालीम घेतलेला हा गायक, पण ऐकूनच त्यांच्या पोटात गोळा आला. काही दिवस गावातूनच गायब व्हावे असे त्यांच्या मनात आले होते. पत्नीने समजावले म्हणून ते उभे राहिले. हे त्यांनी स्वतः पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. मन्ना डे यांच्यासारख्याला धास्ती वाटत असेल, तर चाकणच्या कोंडीतल्या गृहस्थांनी लाजायचे कारण नाही. आणि भीमसेनजींनी काय केले? त्यांनी मन्ना डे यांच्या गाण्याचे कौतुक केले. शिखरावरचा माणूस सहसा खाली वाकून हात देतो. वरून खडे टाकणारे अर्ध्या वाटेवर बसलेले असतात.

इथे लावणीचाही एक शब्द. बैठकीची लावणी अदा करताना एका ओळीतून दहा भाव काढावे लागतात, ठुमरीत काढतात तसेच. ठुमरीला दिवाणखान्यात गादी मिळाली, लावणी बराच काळ अंगणाबाहेर राहिली. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ साली, सुलोचना चव्हाणांना २०२२ साली, नव्वदीच्या घरात. तोवर कितीतरी सभ्य घरांत लावणी लागली की खिडकी लावून घेत. हा भेद सुरांचा नव्हता, कोण गाते आणि कुणापुढे गाते याचा होता. अभिरुचीच्या गप्पा खरवडल्या की खाली बरेचदा हेच निघते.

नाक मुरडण्याचा मक्ता शास्त्रीयवाल्यांकडेच आहे असेही नाही. गझलवाल्यांना भावगीत भाबडे वाटते, रॉकवाल्यांना गझल रडकी वाटते, आणि राहुलदेव बर्मनच्या मूळ तबकड्या जमवणारे तर आता स्वतंत्र घराणेच झाले आहे. ऐंशीच्या दशकाअखेर त्याच पंचमदांना काम मिळेनासे झाले होते, तेव्हा हे घराणे कुठे होते कोण जाणे. ‘सैराट’चेच पाहा. २०१६ साली त्यातल्या गाण्यांना उथळ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते की अजय-अतुल यांनी त्यासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद बसवला होता? ठाऊक नव्हते तोवर ते ‘झिंगाट’ होते. कळल्यावर ‘संयोजन बरे आहे’ झाले. वरातीत मात्र आधीही नाचत होते.

एक उदाहरण पृथ्वीबाहेरचे. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोनेरी तबकड्या पाठवल्या. त्यांवर २७ संगीतखंड आहेत आणि भारताकडून एकच आवाज आहे, गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी. केसरबाई म्हणजे जयपूर घराण्याचा करडा कस. बेशिस्त श्रोत्याची त्यांच्यापुढे बसायची छाती नव्हती. त्याच तबकडीवर बाखही आहे आणि चक बेरीचे रॉक अँड रोलही. निवड चालू असताना लोकसंगीताच्या एका मोठ्या अभ्यासकाने रॉकला पोरकट म्हणून हरकत घेतली होती. त्यांना उत्तर मिळाले ते असे की पृथ्वीवर पोरेही पुष्कळ राहतात. दिवाळी अंकातले विद्वान त्या समितीवर असते तर तबकडी अजून उडायची होती.

मग जाणकारीला काहीच किंमत नाही? आहे, आणि ती खरी आहे. तयार कानाला जे ऐकू येते ते कच्च्या कानाला येत नाही, हे प्रस्तुत लेखकही मान्य करतो. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. पण भूप संध्याकाळचा आणि त्यात गंधाराला मान. देशकार सकाळचा आणि त्यात धैवताला. स्वर तेच, मुक्काम वेगळा. हा फरक एकदा कानाला कळला की जो आनंद होतो त्याला तोड नाही. पण तो कळवायचा कसा? ‘भाभी की चूडियाँ’मधले १९६१चे ‘ज्योती कलश छलके’ लावावे, सुधीर फडक्यांनी लताबाईंकडून तो धैवत कसा उजळून घेतला आहे ते दाखवावे, आणि मग किशोरीताईंचा भूप लावावा. हा भूप की देशकार यावर शेजारी बसून हवे तितके भांडावे. पंधरा मिनिटांचे काम आहे. त्यात समोरच्याला सिनेमाचे गाणे आवडते याची अडचण होत नाही, उलट मदतच होते.

लेख लिहिणाऱ्या विद्वानांच्या कपाटात असे काय काय असेल, आणि त्यांनी ते किती जणांना ऐकवले असते! त्याऐवजी त्यांनी सहा पाने कीव करण्यात घालवली.

बाकी गाडीतल्या गृहस्थांना एवढीच विनंती. परतीच्या वाटेवर फोन पुन्हा जोडला जाईल. गाणे पूर्ण वाजू द्यावे. मागे बसलेल्या मित्राला वाटलेच, तर त्यातला आपल्याला आवडणारा अंतरा कोणता ते सांगावे. मुलाचे नाव मध्ये आणू नये. त्या बिचाऱ्याने ते गाणे ऐकलेलेही नाही.